बांगडे तळताना एक्झॉस्ट एवढा का घरघरतो?

डिचोलीला आमच्या किचनात आईने बांगडे तळायला घेतले की एक्झॉस्ट लागायचा आणि मग हॉलमधून कितीही हाका मारा, तिला ऐकूच जायचं नाही. सगळे म्हणाले मोटर गेली, नवीन घ्या. मला ते पटेना, म्हणून चालू फॅनच्या बाजूच्या प्लायवर, पात्यांपासून लांब, तळहात दाबून धरला तर घरघर एकदम खाली आली!

म्हणजे वाजत होता तो प्लाय. तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर कितीशी वाजेल, तिला मोठं करतात तबली आणि भोपळा, तसंच मोटरची थरथर स्क्रूमधून प्लायमध्ये जाते आणि एवढी मोठी प्लायची फळी हवा हलवायला लागते. मेन स्विच बंद करून फॅन काढला, फ्रेमच्या मागे रबराची पट्टी आणि स्क्रूखाली रबरी वॉशर घातले. स्क्रू फार आवळायचे नाहीत हं, रबर चेपलं की थरथर परत आरपार जाते.

पातीही घासली. तेलाचा चिकटा सगळ्या पात्यांवर सारखा बसत नाही, मग तोल जातो, आणि त्याचा धक्का स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे स्पीड दुप्पट तर धक्का चौपट.

उरतो हवेचा आवाज. मिनिटाला 1400 फेरे आणि 6 पाती धरली तर सेकंदाला 140 वेळा पातं हवा कापतं, तीच ती गुणगुण. आणि खरी गंमत इथे आहे, फॅनचा आवाज स्पीडच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो, त्यामुळे स्पीड अर्धा केला तर सुमारे 15 डेसिबल कमी होतात आणि कानाला 10 डेसिबल कमी म्हणजेच जवळपास निम्मा आवाज! हवा मात्र निम्मीच घटते. म्हणून माझं मत पक्कं आहे, भिंतीत जागा असेल तर छोटा फॅन जोरात पळवण्यापेक्षा मोठा फॅन हळू चालवावा. रेग्युलेटर स्टेपचा कपॅसिटरवाला घ्या, डिमरसारख्या रेग्युलेटरवर कमी स्पीडला मोटर गुंगुं करते.

पावसात आपण सगळ्या खिडक्या लावून घेतो आणि फॅन जास्त ओरडतो, कारण बाहेर फेकायला हवा आत यायला तर पाहिजे. समोरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवली तरी फरक कळतो.

आता आईला तव्यावरची चरचर ऐकू येते. माशातलं पाणी उडालं की ती चरचर मंदावते, आणि बांगडा कधी परतायचा हे तिला त्यावरूनच कळतं.