पक्षाघातानंतरचे अनावर रडणे म्हणजे मन खचणे नव्हे
पक्षाघात होऊन गेलेली व्यक्ती क्षुल्लक कारणाने हुंदके देऊ लागली किंवा गंभीर प्रसंगी हसत सुटली, की ‘मन खचले’, ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे घरचे लोक धरून चालतात. हा समज चुकीचा आहे आणि त्याने रुग्णावर अन्याय होतो. भावना मनात उमटणे आणि ती चेहऱ्यावर व आवाजात व्यक्त होणे ही मेंदूची निराळी कामे आहेत. मेंदूच्या पुढच्या भागातून मेंदूस्तंभाकडे (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाकडे) व लहान मेंदूकडे जाणारे मार्ग या अभिव्यक्तीला आवर घालतात. तेच दुखावले, तर रडे किंवा हसू मनातल्या भावनेशी प्रमाण न राखता, कधी तिच्या अगदी उलटही, बाहेर पडते. अर्धांगवायूच्या रुग्णांतील रडण्याची ही प्रवृत्ती चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्येच नोंदवली होती. नैराश्यात उदासी दिवसेंदिवस टिकते, हा उमाळा मात्र सहसा काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून निदान मेंदूविकारतज्ज्ञांकडूनच व्हावे. नैराश्यावरील काही औषधांनी रडण्या-हसण्याचे हे झटके बरेच कमी होतात. ‘रडू नका’ असे दरडावणे निरर्थकच नव्हे, क्रूरही आहे, कारण रुग्णाला बहुधा सारे कळत असते आणि संकोचाने तो माणसांत येणेच टाळू लागतो. त्यापेक्षा क्षणभर थांबून बोलणे शांतपणे पुढे चालू ठेवावे.