तेरा भाऊ आणि दहावी पतसंस्था

उद्योगपती त्साय चेन-चौ डिसेंबर १९८३मध्ये तैवानच्या संसदेत निवडून आले आणि मार्च १९८५मध्ये कोठडीत गेले. मधल्या सव्वा वर्षात त्यांची पतसंस्था बुडाली आणि भावाची ट्रस्ट कंपनी, म्हणजे लोकांचा पैसा घेऊन तो गुंतवणारी वित्तसंस्था, हातची गेली. पाठोपाठ दोन मंत्र्यांना घरी जावं लागलं. तैवानमध्ये उद्योगपती राजकारणात का येतात, आल्यावर काय होतं, हा विषय निघाला की गोष्ट इथपर्यंत मागे न्यावीच लागते. सहसा ती एका लोभी माणसाची म्हणून सांगितली जाते. मला ती एका सोयीच्या व्यवस्थेची गोष्ट वाटते. त्साय त्या व्यवस्थेत जन्मले, वाढले आणि तिच्यातच सापडले.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून. त्साय वान-चुन यांचा जन्म १९१६चा, म्याओली भागातल्या चुनानचा. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. गरिबीतून ते तायपेईला आले. भाजी विकली, सोया सॉसचा धंदा केला, भावांना हाताशी घेतलं आणि पैसा उभा केला. १९५७मध्ये तायपेई शहराची दहावी पतसंस्था त्यांच्या हाती आली. एका युआनवर खातं उघडण्याची त्यांची योजना तुफान चालली. ज्या गृहिणीला आणि फेरीवाल्याला मोठ्या बँकेच्या पायऱ्या चढायला संकोच वाटायचा, ती माणसं इथे रांगेत उभी राहिली. पुढे ही तैवानमधली सगळ्यात मोठी पतसंस्था झाली.

पतसंस्था म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. दोन्हीकडच्या पतसंस्थांचं मूळही एकच, जर्मनीतलं. जपानने १९००मध्ये जर्मन नमुन्यावर सहकाराचा कायदा केला आणि १९१३मध्ये तो तैवानला लागू केला. ब्रिटिशांनीही तोच नमुना समोर ठेवून १९०४चा कायदा हिंदुस्थानात आणला. सभासद, संचालक मंडळ, गावातली ओळख, त्या ओळखीवर दिलेलं कर्ज, सगळं तेच. पुढे कोणती दुखणी होतात, हेही आपल्या ओळखीचंच.

तैवानमध्ये या रचनेला आणखी एक पदर होता. १९४९मध्ये चीनमधून कम्युनिस्टांकडून हरून आलेल्या सत्ताधारी कुओमिन्तांग पक्षाला बेटावर मुळं नव्हती. मोठ्या बँका सरकारने स्वतःकडे ठेवल्या आणि नवी खासगी बँक काढायला जवळपास बंदी घातली. गावोगावच्या स्थानिक गटांना मात्र पतसंस्था, शेतकरी संघांचे कर्जविभाग आणि बस कंपन्या यांसारखे बंदिस्त, हमखास नफ्याचे धंदे मिळाले. बदल्यात निवडणुकीत मतं आणून द्यायची. हा व्यवहार कुठे लिहिलेला नव्हता, पण चोख पाळला जात होता. त्यामुळे पतसंस्थेचं दफ्तर तपासणाऱ्या अधिकाऱ्याला पुढ्यात हिशेबाची वही दिसायची आणि तिच्यामागे उभा असलेला पक्षही दिसायचा.

वान-चुन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विम्यात हात घातला आणि त्यांचा कॅथे उद्योगसमूह फोफावला. १९७९मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाटण्या झाल्या. भाऊ वान-लिन यांच्याकडे आयुर्विमा आणि बांधकाम गेलं, दुसरे भाऊ वान-त्साय यांच्याकडे सर्वसाधारण विमा. मुलांपैकी चेन-नान यांना कॅथे ट्रस्ट मिळाली. चेन-चौ यांच्या वाट्याला कॅथे प्लास्टिक आणि दहावी पतसंस्था आली. काकांच्या वाट्याला विम्याचे हप्ते आले, म्हणजे वर्षानुवर्षं हातात राहणारा पैसा. पुतण्याकडे आला कारखाना, आणि शेजारीच लोकांच्या ठेवींनी भरलेली तिजोरी.

चेन-चौ १९४६चे. मोठं करायची हौस दांडगी. प्लास्टिकच्या कंपनीतून त्यांनी हॉटेल आणि जमीन-इमारतींपर्यंत पसारा वाढवला. पण दुसऱ्या तेलसंकटानंतर घरांचा बाजार बसला आणि गुंतलेला पैसा मोकळा होईना. मग पतसंस्थेतून कर्जं निघू लागली, ती समूहातल्या कर्मचाऱ्यांच्या नावावर. कागदावर कर्जदार भलताच, पैसा मालकाकडे. दुसरीकडे कॅथे प्लास्टिक आपल्याच कर्मचाऱ्यांकडून आणि त्यांच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून चढ्या व्याजाने ठेवी घेत होती. कारखान्याला अशा ठेवी घ्यायचा अधिकारच नव्हता. साहेबांवर विश्वास म्हणून लोकांनी आयुष्याची पुंजी तिथे ठेवली.

अशा अवस्थेतला माणूस निवडणुकीला का उभा राहतो, हे कळण्यासाठी तेव्हाची संसद पाहायला हवी.

लेजिस्लेटिव्ह युआन या सभागृहाचे सुमारे ७६० सदस्य १९४८मध्ये चीनच्या मुख्य भूमीवर निवडले गेले होते. त्यातले बरेचसे सरकारबरोबर तैवानला आले आणि त्यांची मुदत कधी संपलीच नाही. ज्या मतदारसंघांतून ते निवडून आले, ते आता कम्युनिस्टांच्या ताब्यात होते. तिथे निवडणूक घेता येत नाही, तोवर हेच सदस्य राहतील, असा युक्तिवाद. बेटावरच्या लोकांसाठी १९६९पासून थोड्या जागांची भर घातली जाऊ लागली. १९८३मध्ये अशा वाढीव जागा ९८ होत्या. त्यातल्या ७१ जागांवर निवडणूक झाली, बाकीच्या परदेशस्थ चिनी समाजातून नेमून भरल्या. जुने सदस्य वयाने थकलेले, कित्येक आजारी. समित्यांमध्ये रोज बसून कायद्याची कलमं हलवू शकणारे हातपाय चालते सदस्य थोडेच. म्हणजे संख्येने लहान पण एकजुटीचा गट तिथे वजनापेक्षा जास्त काम करून घेऊ शकत होता.

चेन-चौ यांनी नेमकं हेच हेरलं. कुओमिन्तांगच्या बाजूने निवडून आल्यावर त्यांनी पक्षातल्या तरुण खासदारांची मोट बांधली. वर्तमानपत्रांनी या गटाला ‘तेरा भाऊ’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. खाणंपिणं, पाहुणचार, निवडणूक खर्चाची काळजी, सगळं धाकट्या त्सायांच्या खिशातून होतं असं बोललं जाई. गटाने बँकविषयक कायद्यात बदल करून ट्रस्ट कंपन्यांना अधिक मोकळीक द्यावी म्हणून जोर लावला. चेन-चौ यांच्या भावाची ट्रस्ट कंपनीच होती, तेव्हा त्या बदलाचा फायदा कोणाला होणार हे वेगळं सांगायला नको.

खासदारकीचा दुसरा उपयोग न बोलता होणारा होता. राज्यघटनेच्या ७४व्या कलमानुसार, गुन्हा करताना पकडला गेला नसेल तर सदस्याला सभागृहाच्या परवानगीशिवाय अटक करता येत नसे. शिवाय जो माणूस अर्थमंत्र्यांना सभागृहात प्रश्न विचारतो, त्याच्या पतसंस्थेची तपासणी करायला कोणता कारकून धजावणार? गैरव्यवहाराच्या खुणा तपासणीत आधीच दिसल्या होत्या. पत्रं गेली, ताकीद दिली गेली, आणि कर्जं चालूच राहिली. माझ्या मते प्रकरणाचं मर्म इथे आहे. खासदारकीने घोटाळा जन्माला घातला नाही, तिने फक्त त्याला मुदतवाढ मिळवून दिली. तेवढ्या काळात खड्डा खोल होत गेला.

शेवटी दिलेली कर्जं ठेवींपेक्षाही जास्त झाली. ९ फेब्रुवारी १९८५ला, शनिवारी, अर्थ मंत्रालयाने दहाव्या पतसंस्थेला तीन दिवस व्यवहार बंद ठेवण्याचा हुकूम दिला. चांद्र नववर्ष अकरा दिवसांवर आलेलं. घरोघरी रोख रक्कम लागते, दुकानदार वर्षाची देणी चुकवतात, मुलांना पैशांची लाल पाकिटं द्यायची असतात, असे ते दिवस. सरकारी सहकारी बँकेने कारभार हाती घेतला आणि दारं उघडली, तेव्हा ठेवीदारांच्या रांगा लागल्या. ‘कॅथे’ हे नाव ज्याच्या ज्याच्या पाटीवर होतं, तिथे भीती पोचली. चेन-नान यांच्या कॅथे ट्रस्टमधूनही लोकांनी पैसे काढायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांत ती कंपनी त्यांच्या हातून गेली. वान-लिन यांची विमा कंपनी तगली. त्यांचा समूह पुढे लिनयुआन या नावाने ओळखला जाऊ लागला.

वेळ सरकारसाठीही वाईट होती. चार महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९८४मध्ये, राष्ट्राध्यक्ष च्यांग चिंग-कुओ यांचं टीकात्मक चरित्र लिहिणाऱ्या एका तैवानी-अमेरिकन लेखकाचा कॅलिफोर्नियात खून झाला होता आणि धागेदोरे तैवानच्या लष्करी गुप्तचर खात्यापर्यंत पोचले होते. अमेरिका संतापलेली, आणि त्यात घरी हा बँकबुडीचा गोंधळ. पक्षाचे सरचिटणीस च्यांग येन-शिह फेब्रुवारीतच पायउतार झाले. मार्चच्या सुरुवातीला चेन-चौ यांना कोठडीत टाकलं गेलं. त्याच महिन्यात आर्थिक व्यवहार मंत्री श्यू ली-ते यांनी राजीनामा दिला. आदल्या वर्षापर्यंत अर्थ खातं त्यांच्याकडे होतं आणि ढिलाईचा ठपका त्याच काळाबद्दल होता. त्यांच्या जागी अर्थमंत्री झालेले लू जुन-कांग ऑगस्टमध्ये गेले. एका पतसंस्थेपायी दोन मंत्री जाणं ही मार्शल लॉच्या काळातल्या तैवानमध्ये साधी गोष्ट नव्हती.

चेन-चौ यांच्यावर फसवणूक, बनावट कागदपत्रं आणि न वटलेले धनादेश यांचे खटले चालले आणि लांबलचक शिक्षा झाल्या. त्या त्यांनी पुऱ्या भोगल्या नाहीत. मे १९८७मध्ये आजारपणात त्यांचा मृत्यू झाला, वय चाळिशीच्या आसपास. मार्शल लॉ उठला तो त्यानंतर दोन महिन्यांनी.

पतसंस्थेतल्या ठेवी सरकारी बँकेमुळे वाचल्या. कॅथे प्लास्टिकमध्ये पैसे ठेवलेल्यांच्या मागे मात्र तसं कोणी उभं नव्हतं. कायद्याच्या नजरेत त्या ठेवी नव्हत्याच, मालकाला दिलेलं उसनं होतं. या माणसांबद्दल मंत्र्यांच्या राजीनाम्यांइतकं लिहिलं गेलं नाही.

ठेव विम्याचा कायदा जानेवारी १९८५मध्ये, म्हणजे स्फोटाच्या काही आठवडे आधी, जाहीर झाला होता. विमा महामंडळ सप्टेंबरमध्ये उभं राहिलं. १९८९मध्ये बँक कायदा बदलला आणि १९९१मध्ये पंधरा नव्या खासगी बँकांना एकदम परवानगी मिळाली. परवान्यांसाठी धावणाऱ्यांत मोठे उद्योगसमूह होतेच. वान-त्साय यांचं घराणंही त्यात होतं. त्यांचा समूह आज फुबोन नावाने ओळखला जातो.

संसदेचं काय झालं? १९९०मध्ये घटनापीठाने जुन्या सदस्यांना १९९१ संपेपर्यंत निवृत्त व्हायला सांगितलं आणि डिसेंबर १९९२मध्ये पहिल्यांदा सगळं सभागृह तैवानच्या मतदारांनी निवडलं. लोकशाही आली तशी निवडणूक महागली, आणि पैसेवाल्या उमेदवारांना पक्षाच्या वरदहस्ताची पूर्वीइतकी गरज उरली नाही. त्यांना लोक सोन्याचे बैल म्हणू लागले. मालमत्ता जाहीर करण्याचा कायदा १९९३मध्ये आला, लॉबिंगचा २००७मध्ये. दरम्यान, १९८५च्या वर्तमानपत्रांनी तेरा भावांमध्ये मोजलेल्या दोघांची कारकीर्द थांबली नव्हती. ल्यू सुंग-फान १९९२मध्ये सभापती झाले. १९९९मध्ये त्यांच्यानंतर वांग जिन-पिंग त्या खुर्चीवर बसले आणि २०१६पर्यंत बसून होते.