तब्येतीचे कागद परदेशात चालावेत म्हणून सोलापूरहून काय काय करायचं

पोरगा ओमानला निघालाय, मुलगी स्पेनला शिकायला चाललीय, आईला दुबईला नातवंडांकडे न्यायचंय, आणि तिकडून निरोप येतो की डॉक्टरचा दाखला "अटेस्ट करून" पाठवा. मग लगेच शोधाशोध सुरू होते, कोर्टाजवळ नोटरी कोण, एजंट कोण, किती घेतो. दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मी बरीच वर्षं काम करतेय आणि फाईल मागायला येणाऱ्यांची ही धावपळ रोज बघते, म्हणून सगळं एका जागी लिहितेय. पैसे भरायच्या आधी एवढं नक्की करा, तुमच्या कागदाला अपोस्टिल किंवा अटेस्टेशन, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा आहे असं सांगणारा सरकारी शिक्का, खरंच लागतो का ते विचारून घ्या. कारण तब्येतीच्या कितीतरी कागदांना ते लागतच नाही, आणि लोक उगाच हजारो रुपये घालवतात.

न लागणारे कागद कुठले ते आधी सांगते. गल्फमध्ये नोकरीला जाताना जी मेडिकल असते, आधी गामका म्हणायचे आणि आता वाफिद, तिची अपॉइंटमेंट ऑनलाईन घ्यायची, यादीतल्या सेंटरलाच तपासणी होते आणि निकाल थेट सिस्टीममध्ये जातो. त्या रिपोर्टवर कुठलाही शिक्का मारून आणायचा नसतो. यूकेला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जायचं असेल तर टीबीची टेस्ट त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच करायची, ते सर्टिफिकेट सहा महिने चालतं आणि आहे तसंच जोडायचं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांचे पॅनल डॉक्टर ठरलेले आहेत, तिथली तपासणी सुद्धा डॉक्टरकडून परस्पर पुढे जाते. आपल्या ओळखीच्या फॅमिली डॉक्टरचा दाखला या कामाला चालत नाही, मग तो कितीही अटेस्ट केलेला असो.

यलो फीव्हरचं पिवळं कार्ड हा पण तसाच कागद. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत काही देशांत जायचं तर लस सरकारमान्य केंद्रात घ्यायची, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, आणि ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ते चालतं. ते कार्ड आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांच्या ठरलेल्या नमुन्यातलंच असतं, त्यामुळे त्याला वेगळं अपोस्टिल नाही.

शिकायला जाणाऱ्या मुलांना बहुतेक युनिव्हर्सिट्या स्वतःचाच लसीकरणाचा फॉर्म देतात, तो आपल्या डॉक्टरने भरून सही-शिक्का केला की झालं. इथे अडचण वेगळीच येते, लहानपणीचं लसीचं कार्ड सापडत नाही किंवा सापडलं तर त्यावरच्या तारखा पुसट झालेल्या. म्हणून अॅडमिशन नक्की व्हायची वाट न बघता कार्ड आत्ताच शोधा, आणि नसेलच तर डॉक्टरांना विचारून लस परत घ्यायची की रक्ताची तपासणी करून चालेल ते ठरवा.

मग लागतं कुठे? जिथे परदेशातलं सरकारी ऑफिस, कोर्ट, डॉक्टर-नर्सच्या नोंदणीचं कौन्सिल किंवा पेन्शनचं खातं आपल्या इथल्या डॉक्टरचा कागद पुरावा म्हणून घेतं, तिथे. स्पेनच्या लांब मुदतीच्या व्हिसासाठी मेडिकल सर्टिफिकेट लागतं, त्यात आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ चा उल्लेख असावा लागतो आणि ते बऱ्याचदा अपोस्टिल करून मागतात. अपंगत्वाचा दाखला, तिकडच्या कोर्टातल्या केससाठी उपचाराचे कागद, तिकडे लग्न करताना मागितलेला फिटनेसचा दाखला, असं कुठे कुठे लागतं. मागणाऱ्याकडून ईमेलवर लेखी घ्या, कुठला कागद, ओरिजिनल की कॉपी, अपोस्टिल की एम्बसीचा शिक्का, कुठल्या भाषेत, आणि किती दिवसांच्या आतला. "कंपनीतला एक जण फोनवर म्हणाला" यावर निघू नका.

आता अपोस्टिल आणि अटेस्टेशन यातला फरक. ५ ऑक्टोबर १९६१ चा हेगचा एक करार आहे, भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. त्या करारातल्या देशांसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने कागदावर अपोस्टिलचं स्टिकर लावलं की पुढे दूतावासात जायची गरज नाही. ओमान आणि बहारीन करारात आहेत, सौदी डिसेंबर २०२२ पासून आहे, कॅनडा जानेवारी २०२४ पासून. यूएई (म्हणजे दुबई, अबुधाबी वगैरे), कतार, कुवेत करारात नाहीत, तिथे परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग त्या देशाच्या दूतावासाचा किंवा मुंबईतल्या कॉन्सुलेटचा शिक्का, आणि यूएईच्या बाबतीत तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का सुद्धा. जर्मनी करारात आहे, पण भारत सामील झाला तेव्हा त्यांनी हरकत घेतली, त्यामुळे भारताचं अपोस्टिल जर्मनीत चालत नाही. नर्सिंगसाठी जर्मनीला जाणाऱ्या मुलींची संख्या वाढतेय म्हणून हे मुद्दाम सांगतेय, कुणी "जर्मनीचं अपोस्टिल करून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, तिथल्या ऑफिसला काय हवंय ते आधी विचारा.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा, स्टिकर कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतं. आत लिहिलेला आजार, औषध, निदान बरोबर आहे याची हमी ते देत नाही. म्हणजे डॉक्टरच्या पत्रातच चूक असेल तर तुम्ही ती चूक शिक्क्यांनिशी परदेशात पाठवताय. म्हणून खरी मेहनत सुरुवातीच्या पत्रावर करायची, नंतरच्या शिक्क्यांवर नाही.

पत्र डॉक्टरच्या किंवा दवाखान्याच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, टाईप केलेलं असावं. पेशंटचं नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर. सोलापुरात नावाचा घोळ फार होतो, तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळी नावं एकाच शहरात, आणि केसपेपर लिहिणारा कानाला ऐकू येईल तसं लिहितो. डिस्चार्ज कार्डवर नागमणी, पासपोर्टवर नागामणी, स्पेलिंगमध्ये एक ए जास्त, तिकडचा अधिकारी म्हणतो ही दोन माणसं आहेत. काही जणांच्या पासपोर्टवर आडनाव आधी, काहींच्या आडनावाचा रकानाच रिकामा, वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही. डिस्चार्ज कार्डवरचं नाव खाडाखोड करून बदलायचं नाही, दवाखान्याकडून लेटरहेडवर वेगळं पत्र घ्या की अमुक केसपेपर नंबरवरची ही व्यक्ती आणि या पासपोर्टवरची व्यक्ती एकच आहे. तेही जमलं नाही तर मग प्रतिज्ञापत्र. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात त्याला शंभरच्या ऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागतो, तेवढे पैसे बरोबर ठेवा.

पत्रात आजाराचं निदान, उपचार कधीपासून, औषधांची जेनेरिक नावं (आतल्या मूळ औषधाची, कंपनीने दिलेली नाही) आणि डोस, आणि तारीख. ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळत नाही. खाली डॉक्टरचं पूर्ण नाव, डिग्री, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, पेनाने केलेली सही आणि गोल शिक्का. रजिस्ट्रेशन नंबर सर्टिफिकेटवर असलाच पाहिजे असा मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा २००२ चा नियमच आहे, मागायला लाजू नका. सही छापील किंवा स्कॅन केलेली नको. शिक्का सहीच्या अगदी वर मारला तर दोन्ही वाचता येत नाहीत, तेवढं बाजूला मारा म्हणून विनंती करा. अशी दोन ओरिजिनल पत्रं घ्या, एक अडकलं तर दुसरं हातात राहतं.

जुने कागद हवे असतील तर दवाखान्याला लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. त्याच २००२ च्या नियमात आहे की रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. सिव्हिलला असो की खाजगीत, केसपेपरचा नंबर आणि अॅडमिट झाल्याची तारीख सांगितली तर काम लवकर होतं, नुसतं "दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास" म्हटलं तर रेकॉर्डवाल्याला गठ्ठेच्या गठ्ठे उपसायला लागतात. ईसीजीचा जो गुळगुळीत कागद असतो त्यावरच्या रेघा काही महिन्यांत उडून जातात, उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये तर अजून लवकर, म्हणून मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा. आणि कुठलाच कागद लॅमिनेट करू नका, त्यावर शिक्का बसत नाही.

कागद मराठीत असेल, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातले किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातले काही दाखले असतात तसे, तर इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि ओरिजिनलला जोडून नोटरी करा. इटली, स्पेन, फ्रान्सवाले त्यांच्या भाषेतलं आणि त्यांच्या मान्य भाषांतरकाराचंच मागतात, ते बहुधा अपोस्टिलनंतर करायचं म्हणजे स्टिकरचं पण भाषांतर होतं.

पुढचा रस्ता असा. नोटरी सोलापुरातच होते. मग राज्य सरकारचं ऑथेंटिकेशन, वैयक्तिक कागद राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून प्रमाणित झालेले लागतात, म्हणजे मुंबईला मंत्रालय. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय. पूर्वी यासाठी दिल्लीच गाठायला लागायची, १ जानेवारी २०१९ पासून मुंबईच्या प्रादेशिक पासपोर्ट ऑफिसमधूनही होतं. मात्र परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडेच द्यायचे, त्यांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाईटवर आहे. ओरिजिनल, त्याची झेरॉक्स, पासपोर्टची झेरॉक्स, आणि तुमच्याऐवजी दुसरं कुणी जाणार असेल तर सहीचं अधिकारपत्र. सरकारी फी अपोस्टिलला ५० रुपये एका कागदाला, साध्या अटेस्टेशनला काहीच नाही, वर एजन्सीचा सर्व्हिस चार्ज आणि स्कॅनिंग.

आता हा आकडा लक्षात ठेवून एजंटने सांगितलेला आकडा बघा. मुंबईला जाणं-येणं, रांगा, दूतावासाची फी हे सगळं धरून तो जास्त घेणार हे समजू शकतं, पण कशाचे किती ते लिहून मागा, दूतावासाच्या फीची पावती मागा. "मुंबईचं मंत्रालय नको, दिल्लीला एसडीएमकडून (तिथल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडून) करून देतो" असंही सांगतात. तो रस्ता आहे आणि त्याने काम लवकर होतं, पण काही दूतावास आणि कंपन्या राज्याचाच शिक्का मागतात, मग सगळं पहिल्यापासून. आणि माझी कळकळीची विनंती, एजंटच्या हातात पूर्ण फाईल देऊ नका. एचआयव्हीचा रिपोर्ट, मानसोपचाराचे कागद, गर्भपाताची नोंद, हे सगळं एकाच पिशवीत घालून लोक देऊन टाकतात, आणि तिकडे हवं असतं एक पानाचं पत्र. जेवढं मागितलंय तेवढंच द्या, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो आणि पोच ठेवा.

स्वतः जायचं असेल तर सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी, तिथून मंत्रालय जवळच. पण बाहेरच्या लोकांना मंत्रालयात सोडतात दुपारी, आणि आता डिजीप्रवेश अॅपवर आधी नोंदणी करावी लागते, वयस्कर माणूस जाणार असेल तर ती घरूनच करून द्या. त्याच रात्रीचं परतीचं तिकीट काढून कामाच्या भरवशावर राहू नका. कागद दिला आणि हातात मिळाला असं दरवेळी होत नाही.

औषधं बरोबर नेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीवर मिळतात, यूएईमध्ये त्या कंट्रोल्ड, म्हणजे परवानगीशिवाय नेता न येणाऱ्या, औषधांत येतात आणि विमानतळावर सापडल्या तर प्रकरण गंभीर होतं. तिथे अपोस्टिल उपयोगाला येत नाही, तिथल्या सरकारची ऑनलाईन परवानगी प्रवासाआधी काढायची असते, डॉक्टरचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन अपलोड करून. आईवडिलांना नेताना त्यांच्या गोळ्यांची पिशवी उघडून प्रत्येक पट्टीवरचं जेनेरिक नाव वाचा, गुडघेदुखीच्या गोळीतच ट्रॅमाडॉल असतं कितीदा. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, डबीत काढून नेऊ नका.

वेळेचं गणित उलट्या बाजूने मांडा. मेडिकल सर्टिफिकेट बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांच्या आतलं मागतात, म्हणजे फार आधी घेतलं तर शिक्के होईपर्यंत शिळं होतं आणि उशिरा घेतलं तर शिक्के वेळेत होत नाहीत. व्हिसाची तारीख कळली की त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घ्या आणि त्याच आठवड्यात नोटरी. कागद परत आला की स्टिकरवरचं नाव, तारीख आणि नंबर तिथेच उभं राहून वाचा, स्टिकर सहसा कागदाच्या मागच्या बाजूला असतं. तो नंबर परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाईटवर टाकून बघता येतो, तुमचाच कागद दिसला पाहिजे. नाही दिसला तर कागद परदेशी पाठवू नका, ज्याच्याकडून करून घेतला त्याच्याकडे पावती घेऊन लगेच जा.