शंभर वॉट निघाले, माडापर्यंत पोचले किती?

आमच्या हॅम (हौशी रेडिओ) ग्राहकांसाठी, अँटेनाचा ट्यूनर विकत घेण्याआधी वाचायचं पत्रक

"मीटर एकास एक दाखवतो, तरी कोणी उत्तर देत नाही." पावसाळा संपला की ही तक्रार घेऊन रत्नागिरीतल्या आमच्या दुकानात कोणी ना कोणी येतंच. जुना ट्यूनर काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, यापेक्षा मोठा द्या. मोठा ट्यूनर विकायला आमची ना नाही. पण पाणी कुठे मुरतंय हे आधी बघू या.

ट्यूनर अँटेनात काहीच बदल करत नाही. तो रिगला, म्हणजे तुमच्या रेडिओ संचाला, समोर तिला हवे ते ५० ओहम दाखवतो, मग रिग बिनघोर पूर्ण पॉवर सोडते. तुमचा एसडब्ल्यूआर मीटर (जुळणी किती नीट आहे ते दाखवणारा; एकास एक म्हणजे पूर्ण जुळणी) रिग आणि ट्यूनर यांच्यामधलं तेवढं सांगतो. त्यापुढे काय चाललंय त्याची त्याला खबर नसते.

एक गैरसमज आधी काढून टाकू. एसडब्ल्यूआर २ असला की ११ टक्के पॉवर परत येते, म्हणून ती वाया गेली असं अनेकजण धरून चालतात. परत आलेली पॉवर ट्यूनरपाशी पुन्हा अँटेनाकडे वळते. खरी गळती होते ती वाटेत, तारा आणि कॉइल तापण्यात. पाटाने वाडीला पाणी लावताना विहिरीवर किती उपसलं याला अर्थ नसतो, शेवटच्या पोफळीच्या आळ्यात किती पडलं ते बघायचं. तसंच हे.

आता ट्यूनरच्या पोटात शिरू. बाजारात मिळणारे बहुतेक हाती फिरवायचे ट्यूनर टी जोडणीचे असतात. दोन कंडेन्सर ओळीत आणि मधून जमिनीकडे गेलेली कॉइल. कंडेन्सरमध्ये फारसं काही जात नाही, खाणारी ती कॉइल. या जोडणीची खोड अशी की एकाच अँटेनाला अनेक ठिकाणी एकास एक मिळतं आणि ती सगळी ठिकाणं सारखी नसतात. हिशेब करून दाखवतो. फ्रिक्वेन्सी ३.६ मेगाहर्ट्झ, लोड, म्हणजे अँटेनाचा भार, १२.५ ओहम, कॉइलचा क्यू (जितका जास्त तितकी कॉइलची गळती कमी) १००. अँटेनाकडचा कंडेन्सर २४० पिकोफॅरडवर ठेवून जुळवलं तर १०० पैकी सुमारे १८ वॉट कॉइलमध्ये जातात. तोच कंडेन्सर अर्धा उघडून १२० वर आणला आणि बाकीचं पुन्हा जुळवलं, तर ३१ वॉट. मीटर दोन्ही वेळा तेच एकास एक दाखवतो! ३१ वॉट म्हणजे डब्यात बंद करून ठेवलेल्या २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त आच. हाच लोड एक कॉइल आणि एकच कंडेन्सर असलेल्या साध्या एल जोडणीने, तशाच कॉइलने जुळवला तर दोन वॉटसुद्धा जात नाहीत.

म्हणून जुळवताना दोन्ही कंडेन्सर पूर्ण मिटलेल्या स्थितीतून सुरुवात करा आणि कमीत कमी कॉइल घेऊन जिथे जुळेल तिथे थांबा. काही ट्यूनरवर शून्य म्हणजे पूर्ण मिटलेला, काहींवर नेमकं उलट. रिग बंद करून झाकण एकदा उघडा आणि पात्या डोळ्यांनी बघून घ्या. झाकण उघडं असताना ट्रान्समिट मात्र करू नका. आतला व्होल्टेज चांगलाच चटका देतो.

आता केबल, कारण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींत ट्यूनर निर्दोष सुटतो. आरजी-५८ जातीच्या ३० मीटर केबलमध्ये १४ मेगाहर्ट्झवर, सगळं जुळलेलं असतानाही सुमारे १.७ डेसिबल जातात, म्हणजे १०० पैकी ६८ वॉट पोचतात. अँटेनापाशी एसडब्ल्यूआर १० असेल तर पोचतात जेमतेम ३२. गंमत म्हणजे खाली खोलीत तोच एसडब्ल्यूआर ३.५ च्या आसपास दिसतो. जाताना खाल्लेली पॉवर, येतानाही खाल्लेली, मग मीटरला परत आलेली कमीच दिसणार. केबल जितकी कुजेल तितका एसडब्ल्यूआर छान दिसतो. काही न करता तो सुधारला, तर खूश होण्याआधी केबल तपासा.

आणि आपल्याकडे केबल कुजतेच. कनेक्टरमधून पाणी शिरलं की केबलमधली तांब्याच्या तारांची जाळी ओलावा आत ओढत जाते आणि तांबं काळं पडतं. सात मेगाहर्ट्झला तांब्यातला करंट वरच्या ०.०२५ मिलीमीटरच्या थरातूनच बहुतेक वाहतो, आणि खारा वारा नेमका तोच थर खरवडतो. वरच्या कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळा. भिंतीतून आत येण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकू दे. ट्यूनरमध्ये रोलर कॉइल (रोलर फिरवून कमीजास्त करायची) वापरत असाल तर रोलरचा संपर्क वर्षातून एकदा साफ करा. केबलऐवजी वापरायची दोन समांतर तारांची, खिडक्यांची प्लास्टिक पट्टी असलेली लॅडर लाइन उन्हाळ्यात उत्तम, पण मिठाचा थर बसून भिजली की तिची गळती वाढते आणि जुळणीही सरकते. पीव्हीसी पाइपचे तुकडे लावून दोन तारा मोकळ्या ताणल्या तर त्या मानाने बऱ्या.

खरं सांगायचं तर १०० चे ५० वॉट झाले तरी समोरच्याच्या सिग्नल मोजणाऱ्या एस-मीटरवर अर्धाच अंक उतरतो. मग एवढी उठाठेव कशाला? ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. शंभर वॉटची रिग ट्रान्समिट करताना बॅटरीतून २० अँपिअरच्या आसपास ओढते. त्यातलं निम्मं केबल गरम करण्यात घालवणं तेव्हा परवडत नाही.

फक्त सात मेगाहर्ट्झवर बोलायचं असेल तर दोन माडांमध्ये २० मीटरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना) टांगा, कापून जुळवा. ट्यूनर लागायचाच नाही. (हे आम्ही ट्यूनर विकणारेच सांगतोय.) अनेक बँड हवेत आणि केबल लांब आहे, तर ट्यूनर अँटेनाच्या पायथ्याशी ठेवायचा, म्हणजे केबलमध्ये एसडब्ल्यूआर उरत नाही. पण डबा पाणी न शिरणारा हवा. मुंग्यासुद्धा शिरता कामा नयेत.

ट्यूनर दुरुस्तीला आणताना केबलची जात, लांबी आणि वय लिहून आणा. वरचं टोक सुटत असेल तर कनेक्टरसकट वीतभर तुकडा कापून आणा, त्याची साल काढल्यावर बरंच कळतं. आणि निघण्याआधी कुठल्या बँडला कुठला नॉब कुठे होता त्याचा फोटो काढा, कारण वाटेत ते फिरतात.