सशाची शेगडी पोटात असते

टोरांटोला राहणाऱ्या माझ्या भाचीनं डिसेंबरातल्या एका रविवारी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. परसातल्या कुंपणाशी एक रानससा, मागचा उजवा पाय उचलून धरून तीन पायांवर लंगडतोय. खाली बर्फाचा पातळ थर. 'रात्री उणे 10 होणार आहे. याचं काय करू?' एवढंच तिनं विचारलं होतं.

मुलुंड-डोंबिवलीहून सल्ल्यांची रांग लागली. आत्या म्हणाली, कोमट हळदीचं दूध पाज. काकांनी जुनी गोधडी सुचवली, वहिनीनं गाजरं. एका चुलतभावानं तर दाढदुखीतून उरलेली अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल अर्धी करून द्यायला सांगितली. सगळे सल्ले मायेचे होते, आणि शेवटचा सशाचा जीव घेणारा होता. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

थंडी हाच सशाचा मोठा शत्रू, असं आपण धरून चालतो. आपलंही बरोबरच आहे म्हणा. मुंबईत पारा 16 वर आला की कपाटातले स्वेटर बाहेर येतात, आणि सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश नोंदले गेले होते ही आठवण दर हिवाळ्यात कुणीतरी काढतंच. पण टोरांटोचा ससा मुंबईकर नाही. तो कॉटनटेल जातीचा. हा हिवाळ्यात झोपून राहत नाही, स्वतः बीळही खणत नाही. झुडपांच्या जाळीत किंवा दुसऱ्या प्राण्यानं सोडलेल्या बिळात बसतो आणि रोज बाहेर पडून खातो. अंगावरची लव हिवाळ्यात दाट होते, कानातल्या रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळे तिथून उष्णता फारशी निसटत नाही. थंड प्रदेशातल्या प्राण्यांचे कान आणि पाय आखूड असतात, हे जोएल ॲलन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञानं 1877 मध्येच मांडलं होतं. उत्तर ध्रुवाकडच्या सशाचे कान पाहिले की ते लगेच पटतं.

लव कोरडी आहे तोवर थंडी सशाला सोसते. लव मात्र नुसती राखणदार आहे. उष्णता तयार होते ती आत. सशाच्या अंगाचं तापमान 38.5 ते 40 अंश असतं, बाहेर उणे 10. हा फरक भरून काढायला रात्रंदिवस इंधन हवं. आणि बर्फात मिळतं काय? वाळल्या काटक्या, कळ्या, झाडाची साल. तुम्ही-आम्ही ती साल खाऊन आठवडाभरही तग धरणार नाही. ससा धरतो, आणि इथून पुढं माझ्या आवडीचा भाग सुरू होतो. जेवताना वाचत असाल तर ताट आधी संपवा.

लहान आतडं संपतं आणि मोठं सुरू होतं त्या सांध्यावर सशाला एक मोठी, एका टोकाला बंद पिशवी असते. तिला अंधनाल म्हणतात. आपल्या पोटात जिथं अपेंडिक्स लोंबतं, तीच ही जागा. आपल्याकडे तिचं फारसं काही उरलेलं नाही. सशाच्या पचनमार्गातल्या ऐवजाचा मात्र साधारण 40 टक्के भाग या एका पिशवीत मावतो. आत जिवाणूंची दाट वस्ती. हे जिवाणू पानं-सालींचे धागे आंबवतात, त्यातून ॲसिटिक, ब्युटिरिक यांसारखी आम्लं तयार होतात, ती पिशवीच्या भिंतीतून रक्तात शिरतात आणि जळतात. हीच सशाची शेगडी.

पण सालीतला लाकडी भाग जिवाणूंनाही पचत नाही. तो आत साचला तर पिशवी भरून जाईल. म्हणून मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक चाळण बसवलेली आहे. आपण पीठ चाळतो तेव्हा पीठ ठेवतो आणि कोंडा टाकतो, अगदी तसं. जाड धागे आतड्याच्या मध्यभागातून पुढं ढकलले जातात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि रस आतड्याच्या कडेच्या खळग्यांत उतरतात, आणि तिथले स्नायू त्यांना उलट्या दिशेनं, म्हणजे मागं, परत पिशवीत नेतात. एकाच नळीत एकाच वेळी मधली वाहतूक पुढं आणि कडेची मागं! दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातला हे रोज घडतं, पण तिथं इतक्या शिस्तीत नाही.

काही तासांनी हे चाळणं थांबतं. मग पिशवीतला आंबलेला माल मऊ, चकचकीत गोळ्यांच्या घोसात, वर चिकट पदार्थाचं आवरण घेऊन खाली उतरतो. ससा मान वळवून तो गुदद्वाराशीच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं, ब गटातली जीवनसत्त्वं, सगळं दुसऱ्या फेरीत पदरात पडतं. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं हे 1882 मध्ये लिहून ठेवलं. याला घाण म्हणून नाक मुरडू नका. गाय रवंथ करते तिला आपण नमस्कार करतो, ससा तेच काम वेगळ्या वाटेनं करतो.

या यंत्राचा पट्टा फिरता ठेवतो तो कोंडा. जाड धागे पोटात गेले नाहीत की आतड्याची हालचाल मंदावते. वेदना आणि भीती यांनीही मंदावते, कारण घाबरलेल्या प्राण्याचं शरीर पचनाला रजा देतं. पाय मोडला, दुखलं, खाणं सुटलं, आतडं थांबलं, वायू धरला, म्हणून आणखी खाववेना. सशाला उलटीही होत नाही. शेगडी विझत जाते ती अशी, आणि मग थंडी येऊन उरलेलं काम करते.

आता सल्ले तपासू. मोठ्या सशाच्या पोटात दूध किंवा ढीगभर गोड गाजर गेलं, की पिशवीतली जिवाणूंची घडी विस्कटते. गोधडी ओली होते, गोठते आणि अंगातली ऊब ओढून घेते. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे विषारी माजतात आणि ससा दोन-चार दिवसांत दगावू शकतो. औषध तेच, दाढ मात्र तुमची. (ग्रुपवर 'सशाच्या रक्तानं केस वाढतात' असा फॉरवर्डही त्याच संध्याकाळी आला. त्वचेबाहेरचा केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा मृत धागा. त्याला कुणाचंही रक्त पाजून उपयोग नाही.)

भाचीला मी सांगितलं ते थोडक्यात असं. रक्त वाहत असेल, पाय फरपटत असेल किंवा मांजरानं धरलं असेल, तर अंधाऱ्या खोक्यात घालून वन्यजीव उपचार केंद्र गाठ. ओंटारियोत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, जखमी रानप्राणी 24 तासांपेक्षा जास्त घरी ठेवता येत नाही. पण उड्या मारतोय, खातोय, तर पकडू नकोस. सशाचं हाड हलकं आणि मागच्या पायांची लाथ जबर, हातात धडपडताना तो स्वतःचाच कणा मोडून घेतो. झुडपाशी दोन दारांचं लाकडी खोकं ठेव, आत धान्याचा कोरडा पेंढा भर. पेंढ्याच्या काड्या पोकळ असतात, ओल धरत नाहीत. जवळ वाळलं गवत आणि सफरचंदाच्या छाटलेल्या डहाळ्या ठेव.

आपल्याकडे, मुंबईच्या कडेच्या येऊरला किंवा आरेच्या जंगलात कुणाला जखमी ससा दिसला तर तो काळ्या मानेचा रानससा, बाजारातल्या पांढऱ्या सशाचा भाऊ नव्हे. तो बिळात राहत नाही, आणि त्याची पिल्लं अंगावर लव घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. गवतात एकटं बसलेलं पिल्लू सहसा अनाथ नसतं, आई दिवसातून थोडाच वेळ पाजायला येते. मोठा ससा जखमी असेल तर हवेशीर, अंधारं खोकं, शांतता आणि वनविभागाचा 1926 हा क्रमांक. ऊब देऊ नका. इथं धोका उन्हाचा. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, उष्णता सोडायला मुख्यतः कानच. बंद गाडीत ठेवलेला ससा तासाभरातही तापून मरू शकतो.

नऊ दिवसांनी भाचीनं फोटो टाकला. खोक्याच्या दारात, ताज्या बर्फावर, वाटाण्याएवढ्या पंधरा-वीस कोरड्या लेंड्या. आत्यानं विचारलं, 'अगं, हे काय पाठवलंस सकाळी सकाळी?' मी ग्रुपवर पेढ्यांचं चित्र टाकलं.