योद्धा अंगात येतो तेव्हा

चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचं एक रटाळ काम दिलं. पडद्यावर चित्रं येत राहणार. ठरावीक चित्र दिसलं की बटण दाबायचं, दुसरं दिसलं की हात आवरायचा. शेजारी आयपॅडवर मस्त खेळ सुरू. कंटाळा आला तर खुशाल तिकडे जा! रेचल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात काही मुलांनी अधूनमधून स्वतःला विचारायचं होतं, ‘मी नीट काम करतोय का?’ काहींनी हेच स्वतःचं नाव घेऊन विचारायचं. उरलेल्यांना बॅटमॅनसारखं एखादं पात्र निवडून त्याचा वेश चढवायला दिला. मग प्रश्न झाला, ‘बॅटमॅन नीट काम करतोय का?’ कामाला सगळ्यात जास्त चिकटून राहिली ती ही वेशातली मुलं. ‘मी’वाली सगळ्यात मागे पडली.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या आदिबंधांच्या, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात खोलवर असलेल्या सामायिक प्रतिमांच्या कल्पनेचा आधार घेऊन ‘प्रत्येकात एक योद्धा दडलेला असतो’ असं सांगणाऱ्यांना हा प्रयोग आयता पुरावा वाटेल. पण त्याच गटात बांधकाम करणारा बॉब होता, लांब केसांची रापुन्झेलही होती. म्हणजे जोर तलवारीत नसावा. दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेतून स्वतःकडे पाहिलं की समोरच्या मोहापासून जरा लांब उभं राहता येतं, असं संशोधकांचं स्पष्टीकरण आहे. मला तरी ते युंगपेक्षा जास्त पटतं.

मग योद्धाच का हवा? हवा असतो, कारण तो टिच्चून उभं राहायला शिकवतो. माघार घेणं, आवरतं घेणं मात्र त्याच्या स्वभावात नाही. डेव्हिड हाउसर आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ या संशोधकांनी २०१५ साली हेच कर्करोगाच्या बाबतीत दाखवलं. आजाराचं वर्णन ‘शत्रू’ आणि ‘लढाई’च्या भाषेत वाचलेल्या लोकांची दारू, धूम्रपान, लाल मांस कमी करण्याची तयारी घटली. तपासण्या करून घेण्याचा उत्साह वाढला म्हणावं, तर तेही नाही. शत्रूवर चाल करून जायचं असतं. ताटातलं कमी करणं हे कसलं युद्ध?

योद्धेपण आपण निवडलेलं नसेल, दुसऱ्याने बहाल केलेलं असेल, तर गोष्ट आणखी बदलते. महाभारताचं युद्ध १८ दिवसांत जिंकलं, कोरोनाविरुद्धच्या युद्धाला २१ दिवस लागतील, असं पंतप्रधान मार्च २०२० मध्ये म्हणाले. लवकरच डॉक्टर, परिचारिका, पोलीस, सफाई कामगार, आशा सेविका सगळे ‘कोरोना योद्धे’ झाले. टाळ्या झाल्या, थाळ्या झाल्या.

मॅथ्यू स्टॅन्ली आणि एरन के या संशोधकांनी अशाच गौरवाची दुसरी बाजू तपासली. एखाद्या पेशाला ‘वीर’ म्हटलं की ही माणसं कमी मोबदल्यात, जास्त त्रास सोसून, आपखुशीने राबतील असं लोक गृहीत धरू लागतात. वीराने पगाराचा विषय काढला की तो आपल्याला खटकतो, याचं मूळ बहुधा इथेच असावं.

महाराष्ट्रातल्या आशा सेविकांनी तो काढलाच. घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या या बायका जून २०२१ मध्ये संपावर गेल्या. मानधनात दरमहा १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता जाहीर झाल्यावर त्या कामावर परतल्या.