धबधब्यावरून आलात? आधी कंगवा, मग आंघोळ

पानगळ सुरू झाली की कुत्र्यांचे केस विंचरून-कापून देणाऱ्या आमच्या दुकानातला सोमवार लांबूनच ओळखू येतो. दाराशी चार-पाच कुत्री, त्यांच्या अंगाला शाम्पूचा घमघमाट, आणि मालकांचं ठरलेलं वाक्य : "कालच धबधब्यावर जाऊन आलो, घरी छान आंघोळ घातलीय, फक्त थोडे गुंते राहिलेत. तेवढे सोडवून द्या." आम्ही कुत्र्याच्या काखेत बोटं घालतो आणि कळतं की गुंते थोडे नाहीत आणि आता सुटायचेही नाहीत. मग क्लिपर, म्हणजे केस उतरवायचं मशीन, बाहेर येतो, मालकांचा चेहरा उतरतो आणि पुढच्या दोन जणांची वेळ हुकते. हे पत्रक त्या सोमवारांपायी लिहिलं आहे.

धबधब्यावर जाऊ नका, असं आम्ही सांगणार नाही. हवा गार असते, कुत्रा धापा न टाकता चालतो. आम्हीही आमची कुत्री घेऊन जातोच. चूक होते ती घरी परतल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात. चिखलाने माखलेला कुत्रा दारात उभा असतो आणि आपण त्याला तसाच बाथरूममध्ये नेतो.

गाठ ओली करून चोळली की ती आवळते. लोकर भिजवून रगडली की तिचा नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेला थर, होतो, तसंच हे. त्यात शरदाचे दिवस म्हणजे दाट केसांच्या कुत्र्यांची कात टाकण्याची वेळ. दिवस लहान होऊ लागले की आतली मऊ लव बदलते. जुनी लव सुटते, पण खाली न पडता वरच्या राठ केसांत अडकून बसते. तीवर धबधब्याचं पाणी, मग टॉवेलची घासाघीस, मग शाम्पू लावून गोल गोल चोळणं. सकाळपर्यंत हार्नेसच्या छातीवरच्या पट्ट्याखाली तळहाताएवढी गादी तयार!

"पण तो धबधब्यात भिजलाच होता की, मग आंघोळीने असं काय जास्त बिघडलं?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि रास्त आहे. नुसत्या भिजण्याने सैल गुंता झाला असेल तर तो वाळल्यावर कंगव्याने सुटतो. त्यालाच पुन्हा भिजवून चोळलं की तो घट्ट होतो. शिवाय गाठीच्या आत शिरलेलं पाणी आणि शाम्पू बाहेर पडत नाही. वरून अंग कोरडं लागतं, खाली कातडी ओलीच. अशा जागी काही तासांत लाल, चिघळलेला चट्टा उठू शकतो. मग तो कुत्रा आमचा राहत नाही, डॉक्टरांचा होतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. गाडीपाशी आलात की ओला हार्नेस उतरवा. परतीसाठी दुसरा कोरडा जवळ असू द्या. टॉवेल दाबायचा, घासायचा नाही. घरी आल्यावर चिखल वाळू द्या. वाळलेला चिखल ब्रशने झडतो, ओला पसरतो. मग स्टीलचा कंगवा घ्या आणि केस थरांनी उचलून थेट कातडीपर्यंत न्या. नुसता वरवर ब्रश फिरवून कुत्रा देखणा दिसतो, आणि फसवणूक तिथेच होते. कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यांत कंगवा न अडकता गेला पाहिजे. तो गेला की खुशाल आंघोळ घाला. अडकला तर थांबा आणि आम्हाला फोन करा.

कात्री मात्र लावू नका. गाठ ओढली की तिच्यासोबत पातळ कातडीही वर उचलली जाते, काखेत तर फारच, आणि केस कापताना कातडी कापली जाते. टाके घालण्याची वेळ यायला एवढं पुरतं.

विंचरताना बोटं कुसळं शोधत असू द्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, पण स्वतःच्या कुत्र्याच्या पंजातलं दिसायला चष्मा लावावा लागतो. कुसळाचे काटे एकाच दिशेला असतात, त्यामुळे ते मागे फिरत नाही. पुढे पुढे सरकत कातडीत घुसतं. कुत्रा एकच पंजा सारखा चाटत असेल किंवा एकाच बाजूला मान झटकत असेल तर "दमला असेल" म्हणून सोडून देऊ नका. चिकटणाऱ्या बिया कुसळासारख्या आत घुसत नाहीत, वर केसांतच राहतात. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याने फिरून आल्यावर आपल्या कुत्र्याच्या केसांतून अशाच बिया उपटल्या, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे आकडे पाहिले आणि त्यातूनच पुढे व्हेल्क्रोची चिकटपट्टी निघाली. आमच्याकडे त्या बिया उपटून अजून कोणी श्रीमंत झालेलं नाही.

गोचीड दिसली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, काडी पेटवणं हे प्रकार नकोत. कान आतून वळणाचा असल्याने पाणी तळाशी राहतं. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान उलटे करून कोरडे करा, आत कापसाच्या काड्या घालू नका. थंड पाण्यात खूप पोहल्यावर शेपूट दोरीसारखी लोंबत असेल तर बहुतेकदा स्नायू आखडलेला असतो. काही दिवसांच्या विश्रांतीने बरं वाटतं, तरी डॉक्टरांना दाखवा. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जंतूंमुळे होणाऱ्या आजाराची) लस वेळेवर घ्या. धबधब्याच्या माथ्यावर पट्टा हातातून सोडू नका : शेवाळावर नखं धरत नाहीत आणि गळलेल्या पानांखाली दगड आहे की फट, हे कुत्र्यालाही कळत नाही.

आता आमच्यावरचा नेहमीचा आरोप. "तुम्ही लगेच मशीन फिरवता." फिरवतो, कारण नमदा झालेली गाठ तासभर ओढत सोडवली तर केस वाचतील, पण कुत्रा पुढच्या वेळी आमच्या दारातूनच मागे वळेल. केस पुन्हा येतात. कानावरची जड गाठ काढल्यावर आम्ही कान हलक्या पट्टीने बांधतो, त्यावरही पुष्कळ जण हसतात. दाबलेल्या कानात अचानक रक्त वाहू लागतं, कुत्रा डोकं झटकतो आणि पाळीत रक्त साकळतं. ते टाळण्यासाठी ही पट्टी. गाठींच्या कामाचे वेगळे पैसेही त्यासाठीच : आंघोळीपेक्षा त्यात वेळ जास्त जातो आणि हातही दोन माणसांचे लागतात. आणि एरवी "थंडी येतेय, पण सगळे केस काढून टाका, कटकट नको" असं सांगाल तर आत लव आणि वर राठ केस अशा दुहेरी केसांच्या कुत्र्याला आम्ही नाहीच म्हणू. काहींचे केस नंतर विरळ, ठिगळं लावल्यासारखे येतात.

यातलं बरंचसं टाळता येतं, तेही निघायच्या आदल्या दिवशी. सुटलेली लव आधीच काढून टाकली की पाण्याला गुंतवायला फारसं काही उरत नाही. त्यासाठी पानगळीच्या दिवसांत आम्ही शनिवारी फक्त विंचरून देतो : आंघोळ नाही, कापणी नाही. तेव्हा कंगवा कसा धरायचा तेही बघून घ्या. दोनदा पाहिलंत की तिसऱ्यांदा आमची गरज लागणार नाही, आणि आम्हाला ते चालतं.

सोमवारची वेळ घेण्यासाठी फोन कराल तेव्हा दोन गोष्टी सांगा : कुत्रा पाण्यात उतरला होता का, आणि घरी आंघोळ झाली आहे का. दुसऱ्याचं उत्तर खरं द्या. वेळ त्यावरच ठरते, आणि नाहीतरी पहिल्या कंगव्यालाच कळतं.